कार्तिकातल्या खाटा

यंदा खाटा अजून बाहेरच आहेत.
दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले,
पणत्या धुऊन फडताळात गेल्या,
गोधड्या मात्र पेटीतच, डांबरगोळ्यांच्या वासात,
आणि आम्ही गल्लीत एका रांगेत पडलेलो,
जत्रेला मुक्काम पडावा तसे.

झिपरूनाना पहाटे उठून बसतात,
उपरण्यानं मान पुसतात, वर बघून विचारतात,
"हाऊ कार्तिक शे का चैत?"
आभाळ काय सांगणार.
त्याच्याही अंगावर सुताचा धागा नाही.

कापूस एकदम फुटलाय, सगळा, घाईघाईनं.
सहाला वेचायला लागावं,
तर दहाला बोंडाची टोकं सुईसारखी तापतात.
हिरकणनं डोक्यावर ओला टॉवेल टाकला,
चौथ्या ओळीपर्यंत तो पापडासारखा कडक.
मागल्या साली दिवसाला चाळीस किलो वेचणारी,
परवा पंचवीसवरच ओटी सोडून
बांधावर बसली. म्हणाली,
"हात चालतात वं, डोकं चालत नाही."

परीट पक्षी तेवढे ठरल्या दिवशी आले.
त्यांना कुणी कळवलंच नाही.
पाटाच्या काठी शेपट्या हलवत फिरतात,
लग्न मोडल्याचं ठाऊक नसलेल्या
पाहुण्यांसारखे.

बोरीच्या पात्रात ठेलारी उतरलेत.
दुपारी मेंढ्या चरत नाहीत,
एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या.
दोनशे मेंढ्या, आणि बघावं तर
एकालाही तोंड नाही.

मला शेकोटी आठवते.
निंबाखाली तिचा काळा डाग आहे अजून,
त्यावर आता कुत्री झोपते.
दरसाल त्या डागाभोवती सगळं मिटायचं,
कोणाची बैलजोडी, कोणाचं पाटाचं पाणी.
थंडीत माणूस फार वेळ तोंड फिरवून बसू शकत नाही,
पाठ शेकली की पोट गारठतं,
वळावंच लागतं.

आमच्याकडचे आणि त्यांचा भाऊ सुपडू
पोळ्यापासून बोलत नाहीत.
हातभर बांध, बाकी काही नाही.
मी मनात धरून होते की थंडी पडेल.
थंडीच पडली नाही.
आता दोघांच्या खाटा गल्लीच्या दोन कडांना,
मधे चंद्र, एक सायकल,
आणि दोघंही जागे. मला कूस बदलल्याचं ऐकू येतं,
आधी इकडची सुंभं करकरतात,
मग तिकडची.

काल मी भरताची वांगी तोडली.
थंडी लागल्याशिवाय हे वांगं फुगत नाही.
मुठीएवढं राहिलं, आत बियाच बिया.
तरी तोडली.
मागल्या सालच्या पऱ्हाट्या ओढल्या,
रात्री नऊला, गरम वाऱ्यात, त्या डागावर
काडी लावली.
कुत्री उठून गेली.
गल्ली हसली. "वहिनी, घाम कमी पडला का?"
पोरं लांब बसली, हातानं तोंड झाकून.
आमचे खाटेवरून उतरले, उगाच एक काडी सारली,
कपाळ पुसलं.

मी वांगी राखेत लोटली आणि
तिखटमीठ आणायला म्हणून घरात गेले.
जरा जास्तच वेळ शोधलं मीठ.

तेव्हा तिकडच्या खाटेवरून,
कोणाकडेही न बघता, सुपडूचा आवाज:
"पलटव ना. जळी ऱ्हायनं."

थोडा वेळ काहीच नाही.
मग चिमट्याचा आवाज.

भरीत कडू झालं. बियांमुळं असेल.
सुपडूकडे वाटी पाठवली, रिकामी परत आली,
त्यांच्या घरी भाकरी होती की नाही, विचारलं नाही मी.

पहाटे नेहमीसारखी खाटेवर बसले,
पाय खाली सोडले.
जमीन कोमट होती.
रात्रीच्या राखेनं की कशानं,
मला सांगता येत नाही.